हरणाऱ्याला पुढची निवडणूक दिसली पाहिजे

मे १९७० मध्ये सिलोनमध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली. देशाचे नाव श्रीलंका व्हायला अजून दोन वर्षे होती. युनायटेड नॅशनल पार्टीला जवळपास ३८ टक्के मते पडली आणि निवडून द्यायच्या १५१ जागांपैकी तिच्या पदरात १७ पडल्या. सिरिमाओ बंदरनायके यांच्या श्रीलंका फ्रीडम पार्टीला तिच्यापेक्षा एक टक्का कमी मते होती, पण जागा मिळाल्या ९१. डाव्या मित्रपक्षांना धरून आघाडीचा आकडा ११६ वर गेला. या संख्याबळावर १९७२ साली नवी राज्यघटना आली. जुन्या घटनेच्या २९व्या कलमाने एखाद्या समाजाला वा धर्माला जाचक ठरेल असा कायदा करायला संसदेला मनाई केली होती. ते कलम गेले. बौद्ध धर्माला अग्रस्थान मिळाले आणि सिंहला हीच राजभाषा, हे घटनेतच लिहिले गेले. तमिळांचा फेडरल पक्ष घटना समितीतून आधीच बाहेर पडला होता. त्याच्या बाहेर पडण्याने कुणाचे काही अडले नाही, आणि पुढच्या साऱ्या अनर्थाची सुरुवात मला तिथेच दिसते.

सात वर्षांनी पारडे फिरले. १९७७ मध्ये युनायटेड नॅशनल पार्टीला ५१ टक्क्यांच्या आसपास मते मिळाली आणि १६८ पैकी १४० जागा. फ्रीडम पार्टीला ३० टक्क्यांच्या जवळपास मते होती, जागा मात्र ८. मग मुख्य विरोधी पक्ष कोण झाला? स्वतंत्र तमिळ ईलमची मागणी घेऊन लढलेली तमिळ युनायटेड लिबरेशन फ्रंट. तिची देशभरातली मते सात टक्क्यांच्या आत होती, पण ती उत्तरेत आणि पूर्वेत एकवटलेली असल्यामुळे तिला १८ जागा मिळाल्या. सत्ताधारी बाकांवर जवळजवळ सगळे सिंहली आणि समोर विरोधी पक्ष म्हणून तमिळ, असे सभागृह मतदारांनी मागितले नव्हते. मते मोजण्याच्या पद्धतीने ते घडवले. जुलै १९८३ मध्ये तमिळांविरुद्ध भीषण दंगली झाल्या. पुढच्याच महिन्यात घटनादुरुस्ती करून फुटीरतेविरुद्धची शपथ सक्तीची केली गेली, ती घ्यायला नकार देणाऱ्या या फ्रंटच्या खासदारांच्या जागा गेल्या, आणि संसदेत तमिळांच्या वतीने बोलणारा मोठा पक्षच उरला नाही. बंदूक घेतलेल्या तरुणांना याहून मोठी मदत कुणी केली नसती.

ही दोन्ही सरकारे प्रचलित अर्थाने अत्यंत स्थिर होती. पहिले सात वर्षे टिकले. दुसऱ्या संसदेने १९८२ च्या सार्वमताच्या आधारे आपली मुदत वाढवून घेतली आणि अकरा वर्षांहून अधिक काळ काढला. सरकार पडले नाही, कुणी पक्ष फोडला नाही, अविश्वास ठरावाची भीती नव्हती. देश मात्र पुढची पंचवीसहून अधिक वर्षे यादवीत होरपळला.

म्हणूनच वांशिक, भाषिक किंवा धार्मिक फळ्या पडलेल्या देशासाठी निवडणूक पद्धत ठरवताना ‘एका पक्षाला स्पष्ट बहुमत मिळेल ना?’ हा पहिला प्रश्न असता कामा नये. स्पष्ट बहुमत म्हणजे स्थैर्य ही समजूत ज्या समाजात मतदार पक्ष बदलतात तिथली आहे. आज हरलेला पक्ष उद्या महागाईवर, भ्रष्टाचारावर, चांगल्या उमेदवारावर जिंकू शकतो. पक्ष आणि जमात एक झाली की हे थांबते. मग मतदान म्हणजे शिरगणती होते. २० टक्के असलेला समाज या खेपेला हरतो, पुढच्या खेपेलाही हरतो, आणि आपली मुलेही हरणार हे त्याला आजच कळते. अशा समाजाला ‘लोकशाहीत हार-जीत चालायचीच’ असे सांगणे अन्यायाचे आहे. माझ्या दृष्टीने कसोटी एकच: या पद्धतीत हरलेल्या गटाला आपला पराभव तात्पुरता वाटतो का? तो तसा वाटायचा असेल तर दोन गोष्टी लागतात. लहान गटाला आपले प्रतिनिधी आपण निवडले असे वाटले पाहिजे, आणि सत्ता हवी असलेल्या मोठ्या गटाच्या नेत्याला त्या लहान गटाच्या दारात मत मागायला जावे लागले पाहिजे. यातली एकच साधली तर काम अर्धवट राहते. जगातल्या बहुतेक फसलेल्या रचना यातल्या एकाच गोष्टीवर थांबलेल्या आहेत.

राज्यशास्त्रात या प्रश्नावर गेली अनेक दशके दोन तट आहेत. आरेंड लायपहार्ट यांचा तट म्हणतो, प्रत्येक गटाला त्याच्या संख्येच्या प्रमाणात जागा द्या, मंत्रिमंडळात वाटा द्या, जिव्हाळ्याच्या प्रश्नांवर नकाराधिकार द्या. शहाणे पुढारी वरच्या पातळीवर तडजोड करतील. डोनाल्ड हॉरोविट्झ यांचा तट विचारतो, पुढाऱ्यांनी तडजोड का करावी? त्यांना मते तर आपल्याच गटातून मिळतात, आणि तिथे कडवा बोलणारा नेहमी वरचढ ठरतो. म्हणून पद्धतच अशी हवी की दुसऱ्या गटाच्या मतांशिवाय निवडून येता येणार नाही. मला दोघांचेही निदान पटते. दोघांचेही औषध एकेकटे दिले तर रोगी दगावतो, हेही दिसते.

प्रमाणशीर प्रतिनिधित्वाने काय साधते ते १९९४ च्या दक्षिण आफ्रिकेत जवळून पाहता येते. राष्ट्रीय सभेच्या ४०० जागा, पक्षांच्या याद्या, आणि किमान मतांची कसलीही अट नाही. एवढी मोकळीक दिल्यामुळे ०.४५ टक्के मते मिळवलेल्या आफ्रिकन ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पार्टीलाही दोन जागा मिळाल्या. याला उदारपणाचा अतिरेक म्हणणाऱ्यांनी त्या वेळची परिस्थिती आठवावी. श्वेतवर्णीय आफ्रिकानर उजव्यांमध्ये सशस्त्र प्रतिकाराची भाषा चालू होती. माजी लष्करप्रमुख कॉन्स्टँड विल्यून यांनी ती वाट सोडून फ्रीडम फ्रंट हा पक्ष नोंदवला आणि निवडणूक लढवली. मते मिळाली दोन टक्क्यांच्या थोडी वर, जागा नऊ. आफ्रिकानर मतदार देशभर पसरलेले होते आणि बहुतेक ठिकाणी अल्पसंख्य होते, म्हणून एका मतदारसंघातून एकच उमेदवार निवडायची पद्धत असती तर या पक्षाचा बहुधा एकही खासदार सभागृहात पोचला नसता. झुलूबहुल इन्काथा फ्रीडम पार्टीचे उदाहरण याहून बोलके आहे. ती निवडणुकीत उतरायला तयार झाली मतदानाला जेमतेम आठवडा उरला असताना. मतपत्रिका छापून झाल्या होत्या. तेव्हा तिच्या नावाची पट्टी छापून प्रत्येक मतपत्रिकेच्या तळाशी चिकटवण्यात आली. साडेदहा टक्के मते आणि ४३ जागा घेऊन हा पक्ष सभागृहात आला, त्याचे नेते मंगोसुथु बुथेलेझी गृहखात्याचे मंत्री झाले. यादी पद्धत होती म्हणून ती पट्टी चिकटवता आली. शेकडो मतदारसंघांत शेकडो उमेदवार ठरवायचे असते तर एका आठवड्यात काय होणार होते?

पण प्रमाणशीर पद्धत म्हणजे रामबाण नाही. दक्षिण अमेरिकेतल्या गयानात ती आली तीच राजकीय हेतूने. १९६४ मध्ये छेदी जगन यांच्या भारतीय वंशीयांचा पाठिंबा असलेल्या पक्षाला सत्तेवरून दूर करण्यासाठी ब्रिटिशांनी मतदारसंघ पद्धत मोडून प्रमाणशीर पद्धत आणली. जगन यांच्या पक्षाला सर्वांत जास्त मते मिळाली, ५३ पैकी २४ जागा मिळाल्या, आणि सरकार इतरांनी केले. देशातली वांशिक फूट त्याने मिटली नाही. जानेवारी २००५ मध्ये इराकमध्ये सारा देश हा एकच मतदारसंघ धरून प्रमाणशीर मतदान झाले. सुन्नी अरबांच्या भागांत बहिष्कार आणि दहशत होती, तिथले लोक मतदानाला आले नाहीत. प्रांतांना ठरावीक जागा दिलेल्या असत्या तर कमी मतदान होऊनही त्या भागांचे प्रतिनिधी निवडून आले असते. तसे काही नव्हते, म्हणून घटना लिहिणाऱ्या सभेत सुन्नी अरब नावापुरते उरले. त्याच डिसेंबरच्या निवडणुकीत प्रांतवार जागा आणल्या गेल्या, पण घटना तोवर लिहून झाली होती. आणि बेल्जियम घ्या. तिथल्या डचभाषक फ्लेमिश पक्षांना फ्रेंचभाषकांची मते मागायची गरज नाही, फ्रेंचभाषक पक्षांना फ्लेमिश मतांची नाही. २०१०-११ मध्ये सरकार बनायला ५४१ दिवस लागले. प्रांतिक सरकारे भक्कम होती, देश श्रीमंत होता, म्हणून तो चालला. नुकत्याच युद्धातून उठलेल्या गरीब देशाला हे परवडणार नाही.

आता सर्वांत अवघड प्रकार: ज्यात गटाचे नावच घटनेत लिहिलेले असते. युद्ध थांबवणाऱ्या १९९५ च्या डेटन करारानंतर बोस्निया-हर्झेगोविनाला तीन सदस्यांचे अध्यक्षपद मिळाले. एक बोस्नियाक (म्हणजे बोस्नियन मुस्लिम), एक क्रोएट, एक सर्ब. देशाच्या दोन घटकांपैकी पहिले दोन फेडरेशनमधून निवडायचे, तिसरा सर्पस्का प्रजासत्ताकातून. आता सारायेव्होत राहणारा सर्ब घ्या. त्याला या पदासाठी उभे राहता येत नाही, कारण तो चुकीच्या घटकात राहतो. स्रेब्रेनित्सात परतलेला बोस्नियाकही उभा राहू शकत नाही, कारण ते गाव सर्पस्का प्रजासत्ताकात आहे. रोमा, ज्यू आणि मिश्र विवाहातून जन्मल्यामुळे किंवा इतर कारणाने ज्यांना यातले कोणतेच नाव लावायचे नाही असे लोक तर कुठूनच उभे राहू शकत नाहीत. देर्वो सेज्दिच हे रोमा आणि याकोब फिन्ची हे ज्यू. दोघांनी युरोपीय मानवाधिकार न्यायालयात दाद मागितली आणि डिसेंबर २००९ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. घटनेतले ते कलम मात्र बदललेले नाही. बदलायचे तर त्या कलमावरच ज्यांचे राजकारण उभे आहे, त्यांची संमती लागते.

याच बोस्नियात झेल्यको कोमशिच यांचा वाद झाला. फेडरेशनमधल्या मतदाराला क्रोएट सदस्यासाठी मत द्यायचे की बोस्नियाक सदस्यासाठी, हे तो स्वतः ठरवतो. कोमशिच क्रोएट आहेत, पण बिगरवांशिक राजकारण करतात. ते क्रोएट सदस्य म्हणून पुन्हा पुन्हा निवडून आले आणि दर वेळी क्रोएट राष्ट्रवाद्यांनी ओरड केली की हे आमचे प्रतिनिधी नव्हेत, यांना बोस्नियाकांनी निवडून दिले आहे. त्या ओरडीमागे राष्ट्रवाद्यांचा स्वार्थ आहे हे उघड आहे. तरी तक्रार निव्वळ खोटी म्हणता येत नाही, आणि मराठी वाचकाला तर ती ओळखीची वाटायला हवी.

१९३२ मध्ये पुण्यात नेमका हाच पेच होता. ऑगस्टमधल्या जातीय निवाड्याने अस्पृश्य वर्गाला प्रांतिक विधिमंडळांत ७१ जागा स्वतंत्र मतदारसंघांतून दिल्या होत्या, शिवाय सर्वसाधारण मतदारसंघात दुसरे मतही होते. गांधीजींच्या उपोषणानंतर २४ सप्टेंबरला झालेल्या करारात जागा १४८ झाल्या, पण मतदारसंघ संयुक्त झाले. डॉ. आंबेडकरांची धास्ती अशी होती की राखीव जागेवर उभा असलेला उमेदवार सवर्णांच्या मतांवर निवडून येईल आणि त्यांच्याच तंत्राने वागेल. आज राखीव जागांवरील आमदार-खासदारांबद्दल जी तक्रार ऐकू येते ती हीच. पण करारात एक तरतूद होती, तिच्याकडे मला वाटते पुरेसे लक्ष गेलेले नाही. राखीव जागेसाठी आधी अस्पृश्य वर्गाच्या मतदारांनी प्राथमिक निवडणुकीत चार उमेदवारांचा संच निवडायचा आणि मग त्या चौघांतून सर्व मतदारांनी एकाला निवडायचे. आधी आपल्या लोकांची पसंती, मग सगळ्यांची. ही व्यवस्था दहा वर्षांपुरती होती आणि स्वातंत्र्यानंतर ती पुढे चालवली गेली नाही. खर्चिक होती, उमेदवाराला दोनदा लढावे लागे, हे खरे. तरीही वर सांगितलेल्या दोन्ही अटी एकाच रचनेत बसवण्याचा इतका सरळ प्रयत्न मला दुसरीकडे आढळत नाही. बोस्नियातल्या क्रोएटांच्या तक्रारीलाही हे उत्तर लागू पडले असते, आणि सारायेव्होतल्या सर्बाला उभे राहता येण्यासाठी घटकाची भिंत पाडली असती तरी ते टिकले असते.

गटांची नावे लिहून ठेवण्याचा दुसरा दोष म्हणजे ती गोठतात. लेबनॉनमध्ये अध्यक्ष मॅरोनाइट ख्रिश्चन, पंतप्रधान सुन्नी, सभापती शिया हा शिरस्ता १९४३ पासूनचा आहे. संसदेतल्या ख्रिश्चन आणि मुस्लिम जागांचे वाटप आधी सहास पाच होते, १९८९ च्या ताइफ करारानंतर निम्मे-निम्मे झाले. ज्या जनगणनेच्या आधारे हे सारे सुरू झाले ती १९३२ ची; त्यानंतर अधिकृत जनगणनाच झालेली नाही, कारण खरा आकडा बाहेर आला तर कुणाचा तरी वाटा कमी होणार. उत्तर आयर्लंडमध्ये १९९८ च्या करारानंतर प्रत्येक आमदाराला स्वतःची नोंद ‘युनियनिस्ट’ (ब्रिटनमध्येच राहू इच्छिणारे), ‘नॅशनॅलिस्ट’ (आयर्लंडशी एकीकरण हवे असलेले) किंवा ‘इतर’ अशी करावी लागते. महत्त्वाच्या ठरावांना पहिल्या दोन्ही गटांचा पाठिंबा लागतो. ‘इतर’ची वेगळी मोजणी नाही. २०२२ मध्ये दोन्ही गटांत न बसणाऱ्या अलायन्स पार्टीने ९० पैकी १७ जागा जिंकल्या. लोक भिंतीच्या बाहेर पडू लागले होते, नियम मात्र त्यांना भिंतीच्या आतच मोजत होता. शिवाय दोन मोठ्या पक्षांपैकी कुणीही एकाने अंग काढून घेतले की सरकार कोसळते. २००२ ते २००७, २०१७ ते २०२०, २०२२ ते २०२४ असे त्या विधानसभेचे काम बंद राहिले. दहशतीचा काळ संपला हे फार मोठे यश आहे आणि ते कमी लेखू नये. पण ज्यांनी तो करार घडवला ते मवाळ पक्ष, अल्स्टर युनियनिस्ट आणि नॅशनॅलिस्टांचा एसडीएलपी, २००३ पासून मागे पडले, आणि या रचनेत त्यांना सावरणारे काहीच नव्हते.

मग दुसऱ्या गटाची मते मागायला लावणाऱ्या पद्धतींचे काय? पसंतीक्रमाचे मतदान हे त्यातले मुख्य हत्यार. मतदार एक, दोन, तीन असे क्रम देतो. पहिल्या फेरीत कुणालाच निम्म्याहून जास्त मते नसली तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मते दुसऱ्या पसंतीकडे जातात. दुसऱ्या जमातीचा मतदार पहिली पसंती आपल्या माणसालाच देणार, पण त्याची दुसरी पसंती मिळवायची तर उमेदवाराला निदान शिव्या देणे थांबवावे लागते. पापुआ न्यू गिनीत आठशेहून अधिक भाषा आहेत. स्वातंत्र्यानंतर तिथे सर्वाधिक मते घेणारा जिंकतो ही पद्धत आली आणि एकेका मतदारसंघात डझनावारी उमेदवार आपापल्या कुळाच्या मतांवर लढू लागले. कित्येक जण वीस टक्क्यांहूनही कमी मतांवर खासदार झाले. २००७ पासून तिथे तीन पसंत्या देणे सक्तीचे आहे. हिंसाचार थांबलेला नाही, २०२२ ची निवडणूकही रक्तरंजित झाली; तरी आपल्या कुळाच्या हद्दीबाहेर प्रचाराला जाणे उमेदवाराला आता भाग आहे.

फिजीत हीच पद्धत सपशेल फसली, आणि का फसली ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. १९८७ मध्ये दोन वेळा लष्करी उठाव करणारे मूळ फिजियन सितिवेनी राबुका पुढे पंतप्रधान झाले. त्यांनी आणि भारतीय वंशीयांचे नेते जयराम रेड्डी यांनी मिळून १९९७ ची घटना घडवली. समेटाचे राजकारण करणाऱ्यांना बळ मिळावे म्हणून पसंतीक्रम पद्धत आणली. पण सभागृहाच्या ७१ पैकी ४६ जागा जमातवार मतदारसंघांच्या ठेवल्या. तिथे मतदार एकाच जमातीचे. दुसऱ्यांची दुसरी पसंती मिळवायचा प्रश्नच येत नव्हता. दुसरी चूक मतपत्रिकेवर होती. मतदाराने वरच्या भागात पक्षाच्या चिन्हापुढे खूण केली की पुढचे सगळे क्रम पक्षाने आयोगाकडे आधी दिलेल्या यादीप्रमाणे लागत, आणि बहुसंख्य मतदारांनी तेच केले. पसंती मतदाराच्या हातून पक्षाच्या कचेरीत गेली. तिथे हिशेब झाला तो समेटाचा नव्हता, राबुका-रेड्डी जोडीला पाडण्याचा होता. १९९९ मध्ये रेड्डींच्या पक्षाला भारतीय वंशीयांची जवळपास एक तृतीयांश मते पडूनही एकही जागा मिळाली नाही. महेंद्र चौधरींच्या लेबर पार्टीला एकटीला ३७ जागा मिळाल्या आणि ते भारतीय वंशाचे पहिले पंतप्रधान झाले. वर्षभरात, १९ मे २००० रोजी, मूळ फिजियन राष्ट्रवादी जॉर्ज स्पाइटच्या टोळीने संसदेतच त्यांना ओलीस धरले. आज फिजीत सारा देश एक मतदारसंघ धरून प्रमाणशीर मतदान होते, जमातवार जागा नाहीत. २०२२ च्या निवडणुकीनंतर राबुका पुन्हा पंतप्रधान झाले ते एकेकाळी रेड्डींचा असलेल्या त्याच नॅशनल फेडरेशन पार्टीच्या पाच खासदारांच्या साथीने, आणि सत्तांतर मतपेटीतून झाले.

देशाचा प्रमुख थेट निवडायचा असेल तर मतांचा पसाराही बघितला पाहिजे, हा धडा नायजेरियाने फुटून निघू पाहणाऱ्या बियाफ्राच्या युद्धातून घेतला. १९७९ च्या घटनेत अट होती: सर्वाधिक मते हवीतच, शिवाय दोन तृतीयांश राज्यांत किमान २५ टक्के मते हवीत. राज्ये होती १९. त्याचे दोन तृतीयांश म्हणजे १२ पूर्णांक दोन तृतीयांश. सर्वाधिक मते मिळालेल्या शेहू शगारी यांना १२ राज्यांत २५ टक्के मिळाले, तेराव्या कानो राज्यात २० टक्क्यांच्या आसपास. तेरावे राज्य पूर्ण धरायचे की दोन तृतीयांश, यावर त्यांचे प्रतिस्पर्धी ओबाफेमी अवोलोवो सर्वोच्च न्यायालयात गेले आणि हरले. आता राज्ये ३६ आहेत, २४ हा आकडा सरळ येतो. त्या नियमाने लष्करी बंड थांबवले नाही, पण एक गोष्ट रुजली: उत्तरेचा उमेदवार दक्षिणेत हिंडल्याशिवाय अध्यक्ष होत नाही. केनियाने २०१० मध्ये निम्म्याहून अधिक मते आणि ४७ पैकी किमान २४ परगण्यांत २५ टक्के अशी अट घातली.

श्रीलंकेनेही १९७८ मध्ये अध्यक्षपदासाठी पसंतीक्रम आणला. पण तिथे सिंहली लोकसंख्या तीन चतुर्थांशाच्या आसपास आहे. २०१५ मध्ये मैत्रीपाल सिरिसेना तमिळ आणि मुस्लिम मतांच्या बळावर जिंकले. २०१९ मध्ये गोटाभय राजपक्ष ५२ टक्के मते घेऊन जिंकले, आणि ती जवळजवळ सगळी सिंहली होती. तमिळबहुल उत्तरेने त्यांना नाकारले, त्याने निकालात काही फरक पडला नाही. एक गट इतका मोठा असेल तर पन्नास टक्क्यांची अट अपुरी पडते. तिथे मतांच्या पसाऱ्याची अट हवी होती, आणि ती प्रदेशावर बांधलेली हवी. प्रदेशात राहणारा माणूस बदलू शकतो, गाव सोडू शकतो, मिश्र लग्न करू शकतो; नियम त्याला जमात विचारत नाही.

एवढे सगळे केले की सभागृहात खंडीभर पक्ष येतील आणि सरकार दर सहा महिन्यांनी पडेल, ही भीती मी हलकी मानत नाही. पण तिच्यावर उपाय कृत्रिम बहुमत हा नाही. जर्मनीच्या १९४९ च्या घटनेत चॅन्सेलरला हटवायचे तर त्याच ठरावात नव्या चॅन्सेलरचे नाव बहुमताने मंजूर करावे लागते. नुसते पाडण्यासाठी एकत्र येता येत नाही. या मार्गाने तिथे आजवर एकदाच चॅन्सेलर बदलला, १९८२ मध्ये श्मिट जाऊन कोल आले. सरकार टिकवायचे तर असा नियम सरकार पाडण्याच्या पद्धतीत घालावा, त्यासाठी मतदाराचे मत वाया घालवू नये. पाच-सात सदस्यांचे बहुसदस्यीय मतदारसंघ, सभागृहात शिरकावासाठी किमान मतांची खालची अट, क्रम मतदाराने स्वतः द्यायचा, नकाराधिकार भाषा, शिक्षण, जमीन अशा नावानिशी लिहिलेल्या विषयांपुरता, आणि मतपत्रिकेवर कुठेही जमातीचे नाव नाही: एखाद्या देशाने मला विचारलेच तर मी इतकेच सुचवीन. आणि मतमोजणीवर विश्वास नसेल तर यातल्या कशाचाच उपयोग नाही. केनियात डिसेंबर २००७ मध्ये आकडेच कुणाला खरे वाटले नाहीत आणि काही आठवड्यांत हजाराहून अधिक माणसे मारली गेली.

उरला प्रश्न मुदतीचा. युद्ध नुकतेच थांबलेले असते तेव्हा ‘जमातीचे नाव लिहू नका’ हा सल्ला ऐकायला कुणी तयार नसते, आणि त्यांचे चूक नसते. बुरुंडीत १९९३ मध्ये बहुसंख्य हुतू समाजातले पहिले अध्यक्ष मेल्शियोर न्दादाये निवडून आले आणि काही महिन्यांत मारले गेले. त्यानंतरच्या यादवीतून बाहेर पडताना २००५ मध्ये राष्ट्रीय सभेत हुतू ६० टक्के, तुत्सी ४० टक्के हे प्रमाण लिहूनच द्यावे लागले. अल्पसंख्य तुत्सींना जीव वाचण्याची हमी हवी होती. अशी हमी द्यावी, पण तिच्यावर तारीख घालावी. दक्षिण आफ्रिकेच्या हंगामी घटनेत वीस जागा मिळवणाऱ्या प्रत्येक पक्षाला मंत्रिमंडळात वाटा मागण्याचा हक्क होता आणि तो १९९९ पर्यंतच होता. १९९६ च्या कायमच्या घटनेत तो ठेवला नाही, प्रमाणशीर मतदान मात्र ठेवले. २०२४ मध्ये आफ्रिकन नॅशनल काँग्रेस ४० टक्क्यांवर आली, बहुमत गेले. तेव्हा तिने डेमोक्रॅटिक अलायन्स, इन्काथा आणि विल्यून यांच्या जुन्या फ्रीडम फ्रंटमधून पुढे आलेला पक्ष अशा सर्वांशी बसून सरकार बनवले. या वेळी तसे करायला घटनेतल्या कोणत्याही कलमाने त्यांना भाग पाडले नव्हते.